पाठीवर दार घेतलेली बाई

विनीताला एखादा नवा खेळ सापडला की तिच्या तावडीतून कोणी सुटत नसे. खेळ म्हणजे कबड्डी, खो-खो नव्हे, मोबाइलवरचे खेळ. त्यातही धडाधड गोळ्या झाडायचे किंवा रंगीत गोळ्या फोडायचे, जे सगळी दुनिया खेळते, ते तर नव्हेच. कुठल्या तरी देशातल्या एखाद्या एकांड्या माणसाने आपली नोकरी सांभाळून, सुट्टीत बसून बनवलेला खेळ, ज्याची ना जाहिरात ना बोलबाला, असा खेळ विनीता कुठून कुठून हुडकून काढायची. आणि एकदा काढला की तो दुसऱ्याच्या गळ्यात घातल्याशिवाय तिला चैन पडत नसे.

जबलपूरच्या विजय नगरात ती राहायची आणि विम्याच्या एका ऑफिसात नोकरी करायची. तिथे पॉलिसीची चौकशी करायला आलेला माणूस पॉलिसी न घेता गेला असेल, पण खेळाचं नाव न घेता गेला नाही. "भैया, एक गेम बताऊँ? बिलकुल छोटासा है," अशी सुरुवात झाली की ऑफिसातले जुने लोक हळूच पाण्याच्या माठाकडे सटकायचे.

पण तिला नावं ठेवणाऱ्यांनाही एक गोष्ट कबूल करावी लागे. ती उगाच कोणालाही काहीही सांगत नसे. माणूस बघून खेळ काढायची. ऑफिसातल्या कटकट्या हिशेबनिसाला तिने लग्नाच्या बँडचा खेळ सांगितला होता. त्यात तुम्ही वरातीतले सगळ्यात मागचे तुतारीवाले असता. पुढचे काय वाजवताहेत ते नीट ऐकू येत नाही, नवरदेवाची घोडी तेवढी दिसते, आणि तिच्या पावलांवरून अंदाज बांधत फुंकायचं असतं. चुकलात तर घोडी थांबते आणि वळून तुमच्याकडे बघते. बस, एवढंच. हिशेबनीस महिनाभर त्या घोडीच्या धाकात होता आणि ऑफिसात चक्क शीळ घालायला लागला होता. खालच्या मजल्यावरच्या रिटायर्ड मास्तरांना तिने डोंगरगावातले रस्त्यावरचे दिवे दुरुस्त करायचा खेळ दिला. दिवा लागला की जवळच्या घरातलं बोलणं ऐकू येतं, आणि ते भांडण असेल तर दिवा चालू ठेवायचा की पुन्हा घालवायचा, ते आपण ठरवायचं. मास्तर दोन दिवस खेळले आणि मग म्हणाले की डोळे दुखतात.

हेच तिचं दुखणं होतं. लोक खेळ घ्यायचे, दोन दिवस बोटं फिरवायचे, "अच्छा है" म्हणायचे आणि सोडून द्यायचे. शेवटपर्यंत कोणी जायचं नाही. नवरा गुणवंत, ज्याचं मदन महल भागात विजेच्या सामानाचं दुकान होतं, तो तर हसून म्हणायचा, "तू गेम सांगून राहिली का विमा विकून राहिली? आपण मेल्यावर मिळते का तुझ्या गेमचा फायदा?"

"आपण जिवंत असताना मिळते, म्हणून तर सांगून राहिली," विनीता म्हणायची.

मग तिला तो खेळ सापडला, आणि बाकीचे सगळे मागे पडले.

तो फिनलंडच्या एका शाळामास्तराने बनवला होता. त्यात एक शब्दही नव्हता. एक म्हातारी बाई आपलं जुनं घर सोडून निघते आणि निघताना घराचं दार बिजागऱ्यांतून काढून पाठीवर घेते. बास, दार घेऊन ती डोंगर चढते. वाटेत कुठेही दार टेकवून उभं करायचं आणि उघडायचं. उघडलं की आत तिच्या जुन्या घरातली एक खोली असते. नदीकाठी उघडलं तर न्हाणीघर, बाजारात उघडलं तर बैठक, गवताच्या कुरणात उघडलं तर गोठा. कुठे उघडावं आणि कुठली खोली निघेल, ते खेळता खेळता उमगत जातं. प्रत्येक खोलीत काहीतरी राहून गेलेलं असतं. ते घ्यायचं, दार लावायचं, पाठीवर टाकायचं, पुढे निघायचं.

विनीता तो खेळ पहिल्यांदा खेळली तेव्हा ऑफिसातून घरी येताना बसस्टॉप मागे गेला तरी तिला कळलं नव्हतं. तिने तो पुन्हा खेळला, आणि पुन्हा. पण एक खोली तिला काही सापडेना. स्वैपाकघर. चालता चालता त्या दाराच्या फटीतून कधी कधी धूर यायचा, कधी भांड्यांचा आवाज यायचा, म्हणजे आत स्वैपाकघर होतं हे नक्की. तिने चुलाण्यापाशी दार लावून पाहिलं, विहिरीपाशी, पिठाच्या गिरणीपाशी, खानावळीच्या उंबऱ्यावर. दुसरंच काहीतरी उघडायचं. दोन वर्षं ती त्या स्वैपाकघराच्या मागे होती.

आणि हे सगळं ती कोणाशी बोलणार? स्वैपाकघर सापडलं नाही याचं तिला फार वाटत नव्हतं. पुलावर दार उघडल्यावर जे दिसतं ते पाहून ती रडली होती, आणि पुलावर काय दिसतं ते माहीत असलेलं एकही माणूस तिच्या ओळखीत नव्हतं, याचं तिला खरोखर वाईट वाटायचं. भरल्या घरात, भरल्या ऑफिसात तिला त्या एका गोष्टीपुरतं अगदी एकटं वाटायचं. तिला एक माणूस हवं होतं, फक्त एक, ज्याने डोंगर पार केलाय.

त्या वर्षी संक्रांत जवळ आली आणि तिच्या डोक्यात किडा वळवळला.

विनीताचे आजेसासरे अमरावतीकडून जबलपूरला आले होते. पुढे राज्यं नव्याने आखली गेली, अमरावती महाराष्ट्रात गेली, जबलपूर मध्य प्रदेशात राहिलं, आणि हे घर जिथे होतं तिथेच राहिलं. घराबाहेर सगळी हिंदी, पण संक्रांतीचं हळदीकुंकू मात्र या चार-सहा मराठी घरांनी जिवापाड जपलं होतं. संक्रांत ते रथसप्तमी एकमेकींकडे जायचं, तिळगूळ घ्यायचा, वाण लुटायचं. वाण म्हणजे ठरलेलं: वाट्या, चाळण्या, प्लास्टिकचे डबे.

"मी या साली गेम वाटणार," विनीताने जाहीर केलं.

गुणवंत चहा पिता पिता थांबला. "हळदीकुंकवात? मोबाइलचा गेम?"

"हो. प्रत्येकीला तिचा वेगळा."

ती कामालाच लागली. तिने त्या खेळ बनवणाऱ्यांना एकेकाला पत्रं पाठवली की आमच्या गावात असा सण असतो, त्यात बायका एकमेकींना भेट देतात, तर तुमचा खेळ मला द्यायचा आहे. ज्यांचे खेळ कोणी विचारत नाही ती माणसं, त्यांना आनंदच झाला. भराभर कोड आले. असा एक कोड म्हणजे एका माणसाला एकदा खेळ मिळण्याची किल्ली. फिनलंडच्या मास्तराने तर विचारलं, हळद मी इथून पाठवायची असते का?

विनीताने रंगीत कागदाचे लिफाफे केले. प्रत्येकात एक कार्ड. कार्डावर तिच्या गोल अक्षरात खेळ कसा उतरवायचा ते मराठीत, पायरीपायरीने, आणि खाली हा खेळ तुलाच का दिला ते दोन ओळींत. ती हे करत बसली होती तेव्हा तिच्या सासूबाई, भानुमती, समोर तिळाचे लाडू वळत होत्या.

"याच्यात काय टाकून राहिली व?" त्यांनी विचारलं.

"गेम आहे आई."

"अच्छा," भानुमती म्हणाल्या आणि पुढचा लाडू घेतला. विनीताने दाराच्या खेळाचं कार्ड लिहायला घेतलं होतं. तो एकच कोड होता, आणि तो समोरच्या फ्लॅटमधल्या लतिकासाठी होता. लतिका एकदा लिफ्टमध्ये म्हणाली होती, "दीदी, मला पण दाखवा ना तुमचं ते." तेवढ्या एका वाक्यावर विनीताने सगळी आशा लावली होती.

हळदीकुंकू थाटात झालं. बायकांनी लिफाफे घेतले, कोणी चाचपून पाहिलं, कोणी "अरे वा, कुछ अलग है" म्हटलं. विनीताच्या अंगात उत्साह मावत नव्हता. आता आठ दिवसांत फोनवर फोन येतील अशी तिची खात्रीच होती.

फोन आला नाही. लतिका लिफ्टमध्ये भेटली की मोबाइलमध्ये डोकं घालायची. मधल्या एका मंगळवारी घमापूरच्या बेबीताईंकडचं हळदीकुंकू होतं. बेबीताई म्हणजे लतिकाची मावशी. विनीताला ऑफिसातून सुट्टी मिळेना, आणि घरातून एक तरी बाई गेलीच पाहिजे, म्हणून भानुमती गेल्या. परत आल्या तेव्हा त्यांच्या पिशवीत तिळगूळ होता आणि आणखी काय होतं ते विनीताने पाहिलं नाही. तिचं मन तेव्हा खट्टू झालं होतं. रथसप्तमी झाली. विनीताने ठरवलं, पुढच्या वर्षी सरळ चाळण्या.

आणि मग होळीच्या सुमाराला, भर दुपारी ऑफिसात, फिनलंडहून मास्तराचा मेल आला.

खेळ संपला की त्याच्याकडे खूण जाते म्हणे. त्याने लिहिलं होतं की तुला पाठवलेला कोड कोणीतरी वापरला, त्या माणसाने दार डोंगरापार नेलं, आणि वाटेत त्या माणसाला स्वैपाकघर सापडलं. ते आजवर फार थोड्यांना सापडलंय. तुझ्या मैत्रिणीला माझा नमस्कार सांग.

विनीता खुर्चीवरून उठली तीच ओरडत. "मिल गया! किचन मिल गया!" हिशेबनीस दचकून उभा राहिला. त्याला वाटलं कोणाला घर मिळालं. तिने डबा तसाच टाकला आणि जिन्यात जाऊन लतिकाला फोन लावला.

"लतिके! तू डोंगर पार केला? आणि मला सांगितलं नाही? स्वैपाकघर कुठं उघडलं, सांग, आधी ते सांग!"

लतिका म्हणाली, "दीदी... कौनसा डोंगर?"

थोडं खोदल्यावर सगळं बाहेर आलं. लतिकाने लिफाफा उघडलाच नव्हता. आता यात तिचा दोष काय काढायचा? आलेलं वाण आपण थोडंच वापरतो? ते कपाटात ठेवायचं आणि पुढच्या हळदीकुंकवाला कोणाला तरी द्यायचं. घराघरातून तीच वाटी तीनदा फिरून येते आणि कोणी ओळख दाखवत नाही. बेबीताईंकडे वाट्या कमी पडल्या, तेव्हा लतिकाने आपल्याकडचं साठलेलं वाण तिकडे पोचवलं. त्यात हा लिफाफाही गेला.

"सॉरी यार दीदी," लतिका रडवेली होऊन म्हणाली. "मला वाटलं, गिफ्ट है, पॅक है, खराब थोडीच होणार."

विनीताला राग यायला हवा होता, पण तिच्याकडे रागाला वेळच नव्हता. म्हणजे बेबीताईंकडे आलेल्या बायकांपैकी एकीने तो उघडला होता! या जबलपुरात, इथेच, कोणीतरी बाई पाठीवर दार घेऊन डोंगर चढून गेली होती, आणि आत्ता ती कुठेतरी भाजी निवडत असेल! त्या संध्याकाळी ती रिक्षा करून घमापूरला गेली.

बेबीताईंनी कपाळावर हात मारून घेतला. "अवं बाई, एवढ्या बाया आल्या होत्या. मी कुंकू लावून राहिली होती का नावं लिहून राहिली होती? ज्या उशिरा आल्या त्याइले लतिकाचं वाण दिलं, त्यातच तो लिफाफा गेला. वाट्या संपल्या होत्या ना!"

"उशिरा कोण आलं होतं?"

"मले काय माहीत? सगळ्याच उशिरा येतात."

मग सुरू झाली शोधाशोध. विनीता भाजीबाजारात मराठी ऐकू आलं की थबकायची. देवळात, दवाखान्यात, गुणवंतच्या दुकानात बल्ब घ्यायला आलेल्या बाईला ती विचारायची, "काकू, तुम्ही कधी पुलावर दार उघडलं का?" एक बाई तर बल्ब टाकून निघून गेली. गुणवंतने हात जोडले. "माझं गिऱ्हाईक सोड. चलो, मी तुले पेपरात जाहिरात देतो." पण विनीताला हसू येत होतं. ती चिडत नव्हती, थकत नव्हती. रोज सकाळी ती जागी व्हायची ती एकाच विचाराने, की ती बाई आहे. आज नाही तर उद्या भेटेल. काय विचारायचं ते सगळं तिच्या मनात तयार होतं.

असाच एक रविवार आला. सासरे रामराव जेवून आडवे झाले होते, गुणवंत दुकानाचा पंखा दुरुस्त करत गच्चीवर बसला होता. विनीता पाणी प्यायला स्वैपाकघरात गेली.

भानुमती ओट्यापाशी पाटावर बसून मेथी निवडत होत्या. समोर पिठाच्या डब्याला टेकवून त्यांचा मोबाइल उभा होता. तो नेहमीच असा उभा असायचा. हात कणकेचे असताना पडदा काळा होतो म्हणून त्यांची कुरकुर असायची, तेव्हा गुणवंतने तो कधी बंदच होणार नाही असं करून दिलं होतं. त्या त्यावर लोणच्याच्या पद्धती बघत, भजनं बघत. विनीताने सवयीने तिकडे पाहिलं.

पडद्यावर एक उघडं माळरान होतं. मधोमध एक दार उभं होतं. दारासमोर दगडावर ती म्हातारी बाई बसली होती, हात मांडीवर ठेवून.

विनीताच्या हातातला पेला ओट्यावर आपटला. तिने पुढे वाकून बोट दाराकडे नेलं, तशी भानुमतींनी मेथीची जुडी तिच्या हातावर हळूच मारली.

"हात नको लावू," त्या म्हणाल्या. "आपण उघडलं का दुसरंच काही निघते. थांब. ते आतून उघडते."

"आतून?"

"हो. आपण नुसतं बसून राहायचं. मले पहिल्यांदा माहीत नव्हतं. दार उभं केलं अन् तुझ्या सासऱ्याइनं चहा मागितला. चहा केला, दूध उतू गेलं, ओटा पुसला. परत येऊन पाहते तर आतल्या माणसानं उघडलं होतं दार."

विनीता तिथेच फरशीवर बसली. दोन वर्षं! दोन वर्षं ती त्या दाराला धडका देत होती, एकदाही तिने मिनिटभर दम धरला नव्हता. धरला असता तरी तिच्या मोबाइलचा पडदा काळा झाला असता. आणि ही बाई, जिच्या शेजारी बसून ती रोज पोळ्या लाटते!

"आई... तुम्ही डोंगर पार केला?"

"केला ना. हे दुसऱ्यांदा करून राहिली."

"अन् मी साऱ्या जबलपुरात शोधून राहिली! तुम्ही सांगितलं काहून नाही?"

भानुमतींनी मेथीच्या काड्या बाजूला सारल्या. "कोणाले सांगू? बेबीकडून लिफाफा आणला, उघडला, तर तुझं अक्षर. कार्डावर लिहिलेलं, 'लतिके, हे तुझ्यासाठीच.' मले वाटलं, दुसऱ्याचं आपण खेळून राहिलो. तुले वाईट वाटंल. तू मले थोडीच दिलं होतं."

विनीताचे कान तापले. त्या दिवशी लाडू वळणारे हात तिला आठवले, आणि ते "अच्छा." बिल्डिंगीतल्या, ऑफिसातल्या, रस्त्यावरच्या माणसांना ती खेळ सांगत सुटली होती. या एका माणसासाठी तिने कधी विचारच केला नव्हता.

"घरच्या बाईला वाण देत नाहीत ना, आई," ती कशीबशी म्हणाली.

"नाही देत," भानुमती सहज म्हणाल्या. "मी पण माझ्या सासूले कधी दिलं नाही. पाहा, पाहा, उघडून राहिलं!"

दाराखालून उजेड आला. कडी आतून सरकल्याचा आवाज झाला आणि दार हळूहळू उघडलं. आत चूल पेटलेली होती. चुलीपाशी कोणीतरी पाठमोरं बसलं होतं. त्या व्यक्तीने मागे वळून पाहिलं नाही, फक्त हात लांबवून भिंतीशी उभा केलेला एक पाट आपल्या शेजारी मांडला. दगडावरची म्हातारी उठली, पहिल्यांदाच पाठीवर काही न घेता, आणि आत जाऊन त्या पाटावर बसली.

विनीताच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं आणि ती हसत होती. गच्चीवरून गुणवंतची हाक आली, पकड कुठे आहे म्हणून. दोघींपैकी कोणी ओ दिली नाही.

भानुमतींनी पदराने हात पुसले, भिंतीचा दुसरा पाट ओढला आणि विनीताकडे सरकवला. मग आवाज बारीक करून, कितीतरी दिवस मनात धरून ठेवल्यासारखं त्यांनी विचारलं, "बस. अन् मले एक सांग. त्या पुलावर दार उघडल्यावर... तू पण रडली होती का व?"